पाहुण्याची पावती

खिंडीकडे चढणाऱ्या रस्त्यावरच्या शेवटच्या गावात बुरुलकानची खानावळ होती, आणि त्या खानावळीत नानचे आणि चहाचे पैसे घेत नसत. शेवयांच्या रश्श्याचे घेत, मटणाचे घेत, मांतीचे, म्हणजे खिमा भरून वाफवलेल्या मोदकांचे, तर नग मोजून घेत. पण तंदुरातला गरम नान आणि वाडगाभर चहा फुकट. नवखा ट्रकवाला चक्रावून जाई. "धंदा करता की दानधर्म?" असं कुणी विचारलं की बुरुलकान चुलीकडचं तोंड न वळवता म्हणे, "आत बसलेत त्यांना विचारा." आत, भिंतीलगतच्या नमद्यावर, लोकरीच्या जाड बैठकीवर, पांढरी उंच टोपी घालून तिचे सासरे बसलेले असत.

सासऱ्यांचं नाव ओरोझाली. सगळ्या खोऱ्याला पाठ असलेलं हे नाव बुरुलकानच्या तोंडून मात्र कधी कुणी ऐकलं नव्हतं. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. घरातल्या मांजराचं नाव कुणीतरी ओरोझ ठेवलं होतं, तर त्यालाही ती "ए मिशीवाल्या" म्हणून हाक मारी.

म्हातारा एके काळी मोठा माणूस. तीस वर्षं सरकारच्या चार हजार मेंढ्या राखल्या, छातीवर पदक मिळवलं. मग सोव्हिएत राज्य बुडालं आणि गावातली सरकारी मेंढ्यांची संस्थाही त्याच्यामागून गेली. वाटण्या झाल्या. ओरोझालींच्या वाट्याला एकोणीस मेंढ्या आल्या आणि पाव ट्रॅक्टर. पाव ट्रॅक्टर म्हणजे चार घरांत मिळून एक. एकाने चाकं विकली, दुसऱ्याने इंजिन, आणि उरलेल्या सांगाड्यात शेजारच्या कासिमालीच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. "आजपासून तुम्ही सगळे मालक," असं जिल्ह्याच्या साहेबाने भाषणात सांगितलं होतं. कशाचे मालक, हे तेवढं सांगायचं राहून गेलं.

बुरुलकान त्याच संस्थेच्या बालवाडीत स्वयंपाकीण होती. साठ पोरांचा स्वयंपाक एकटी रांधायची. बालवाडी बंद पडली, तिच्या खिडक्याही लोकांनी उचकटून नेल्या. नवरा कुबात लॉरी चालवायचा, म्हणून घर तरलं. पण एका हिवाळ्यात खिंडीतल्या बर्फावर लॉरी घसरली आणि कुबात परत आला नाही. मागे उरली ती तिघं: म्हातारा, बुरुलकान आणि आठ वर्षांची नुरजान.

कुबातची बहीण सायराकान मॉस्कोत एका हॉटेलात भांडी घासायची. तिचा फोन यायचा. "वहिनी, ये इकडे. काम हलकं आहे असं नाही म्हणत. पण महिन्याचे पैसे महिन्याला मिळतात. तिकडे काय, बर्फ खाणार आहेस?" गावातल्या निम्म्या बायका तशाच गेल्या होत्या. त्यांची पोरं रविवारी टपाल कचेरीतल्या फोनपुढे रांगेत उभी राहत. दोन मिनिटं आईशी बोलायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. बुरुलकानने ती रांग पाहिली होती. एक मुलगी तर फोन कानाला लावून नुसतीच उभी होती, कारण आईशी काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. त्या दिवशी बुरुलकानने मनाशी गाठ मारली. काय वाटेल ते करीन, पण माझ्या पोरीला सोडून जाणार नाही.

मग तिने खानावळीचं काढलं. दाराशी उभी राहून, मान खाली घालून, म्हाताऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

"म्हणजे," म्हातारा म्हणाला, "माझ्या दारात आलेल्या माणसाला जेवू घालायचं आणि मग त्याच्यापुढे हात पसरायचा?"

"हात पसरायचा नाही बाबा. पैसे घ्यायचे."

"तेच म्हटलं मी."

तीन दिवस घरात भांड्यांशिवाय कुणी बोललं नाही. मेंढपाळांच्या मुलखात विकणाऱ्याला पत नाही. गुरं राखावीत, पाहुणा आला तर सगळ्यात चांगला तुकडा त्याच्यापुढे ठेवावा, आणि विकाविकी करणाऱ्याकडे वरून बघावं, अशी इथली रीत. हे वरून बघणारे आता फाटक्या बुटांनी हिंडत होते हा भाग वेगळा. चौथ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "रस्त्याकडची खोली घे. शेवया विक, मटण विक. ते बाजारातून येतं, विकलं तर विकलं. पण नान आणि चहा या दारात विकायचा नाही. उपाशी माणसाला नान विकला तर मेल्यावर मी बापाला कुठल्या तोंडाने भेटू?"

बुरुलकानने मान हलवली. पिठाचं पोतं कितीला येतं हे म्हाताऱ्याला माहीत नव्हतं आणि तिने सांगितलं नाही.

पण नशिबाचा खेळ बघा, त्या फुकट नाननेच खानावळ चालली. ट्रकवाल्यांत बोलबाला झाला. नान फुकट म्हणून थांबायचे आणि लाजेकाजेस्तव रस्सा मागवायचे. काही तर म्हाताऱ्यासाठीच यायचे. तो लांडग्यांच्या गोष्टी सांगे, ज्याच्या त्याच्या सात पिढ्या विचारी, कुठे तरी नातं जुळवी आणि मग त्या माणसाची रश्श्याचे पैसे देताना पंचाईत होई. "बाबा, नाती नका हो जुळवू," बुरुलकान आडून म्हणे, "अर्धं गिऱ्हाईक भाचेकंपनी निघालंय." म्हातारा मिशीत हसे. कुबात गेल्यावर तो पहिल्यांदा हसला तो याच खोलीत.

मग साहेब लोक यायला लागले. आरोग्याचा आला, आगीचा आला, वजनमापांचा आला. प्रत्येक जण आधी पाहुणा म्हणून पोटभर जेवे आणि मग वही काढी. आगवाल्याने वाळूची बादली ठेवायला लावली. ठेवली. दोन महिन्यांनी दुसरा आला, म्हणाला, बादली लाल हवी. रंगवली. तिसऱ्याला ती दाराच्या डाव्या हाताला हवी होती. "ह्या बादलीला घेऊन एकदा मक्केला जाऊन ये," कासिमाली म्हणाला, "म्हणजे सुटशील." तो म्हाताऱ्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, तोंडाने तिखट. शेवटी फर्मान आलं पावतीच्या यंत्राचं. जे विकाल त्याची पावती द्यायची, नाही तर टाळं. बुरुलकानने लग्नातल्या चांदीच्या बांगड्या विकल्या आणि यंत्र आणलं. भरतकामाच्या रुमालाखाली ते झाकून ठेवायची. वीज असली की चाले, नसली की ती हाताने पावती लिही. पण तिने एकही पावती चुकवली नाही. दोन वर्षांत एकही नाही.

मार्चमधली गोष्ट. खिंड बंद होती, वारा बर्फ उधळत होता, खानावळीत चिटपाखरू नव्हतं. दुपारी दार ढकलून एक तरुण आत आला. पायात पातळ बूट, ओठ निळे पडलेले. म्हणाला, "एजे, नुसता चहा आणि नान मिळेल?" एजे म्हणजे ताई. तिने चहा दिला, नान दिला, लोणी दिलं, आणि तो वाडग्यावर हात शेकत बसलेला पाहून न मागता रश्श्याचं भांडंही पुढे ठेवलं.

"कुणाचा मुलगा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"लांबचा आहे मी, अक्साकल," तो म्हणाला. सगळ्या पांढऱ्या दाढीवाल्यांना इथे असंच म्हणतात. त्याने नजर वर केली नाही. भरभर जेवला. मग उठून म्हणाला, "किती झाले?"

नानचे नाहीत हे ठरलेलंच होतं. रश्श्याचे घ्यायचे असतात. बुरुलकानचा हात रुमालाकडे गेलाही. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "अशा हवेत आलेला देवाचा पाहुणा असतो. त्याला काय विचारतेस?" तिने हात मागे घेतला. "राहू दे भाऊ. जपून जा."

तरुण क्षणभर घुटमळला. वाडग्याखाली काहीतरी सारलं आणि बाहेर पडला. तिने वाडगा उचलला तर खाली नोट. "बाबा, पैसे ठेवून गेला हो!" म्हणत ती नोट मुठीत धरून तशीच पायातल्या सपातांवर बर्फात धावली. "ए भाऊ! थांब! तुझे पैसे!"

कोपऱ्यावर गाडी उभी होती. गाडीतून करखात्याचा, कोट घातलेला एक माणूस उतरला, हातात कागद. त्याने तिच्या मुठीकडे बघितलं. "गिऱ्हाईक जेवलं, पैसे तुमच्या हातात. पावती कुठे आहे, बाई?"

तो तरुण गाडीच्या पलीकडे उभा राहून बुटांकडे बघत होता.

संध्याकाळच्या आत खानावळीच्या दारावर शिक्क्याची कागदी पट्टी लागली. सुनावणी होईपर्यंत बंद, आणि ठरलं तर वर्षभर बंद.

तालुक्याच्या कचेरीत बुरुलकान गेली तेव्हा म्हातारा पदक लावून बरोबर आला. टेबलामागच्या बाईने सगळं ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हती. तिने चहासुद्धा मागवला. "तुमचं खरं असेल अक्साकल," ती म्हणाली, "पण पैसे घेतले नाहीत म्हणता, आणि पैसे तर हातात सापडले. ह्याला मी कागदावर काय म्हणू? सरळ लिहून द्या की रस्सा विकला, पावती द्यायला विसरले. पहिली चूक म्हणून थोडा दंड होईल, आठ दिवसांत पट्टी काढतो."

"विकला नव्हता," म्हातारा म्हणाला.

"मला कळतं हो. लिहायचंच आहे फक्त."

"ओरोझालीच्या घरात पाहुण्याला जेवण विकलं, असं माझ्या घरातलं कुणी लिहून देणार नाही." तो उठला. त्याच्यामागून बुरुलकानही उठली. सून होती, उठणं भाग होतं.

तीन आठवडे चूल थंड राहिली. ट्रक दारावरून भोंगा वाजवत पुढे जात. पीठ संपत आलं, मग सायराकानचा फोन आला. "वहिनी, आमच्याकडे एक जागा झालीय. एप्रिलअखेर ये, नाही तर दुसरी घेतील." नुरजान शेजारीच होती. तिने सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी बुरुलकान परसात गेली तर अकरा वर्षांची पोर उरलंसुरलं पीठ मळून एकटीच तंदुरात वाकली होती. मनगट भाजलं होतं. "काय चाललंय हे?" "शिकतेय," नुरजान म्हणाली. "तू गेल्यावर आजोबांना कोण करून घालणार?"

त्याच सकाळी बुरुलकान तालुक्याला गेली. म्हाताऱ्याला बाजाराला जाते म्हणाली. बाईने कागद पुढे सरकवला. घरमालकाचं नाव लिहायचं होतं. चौदा वर्षं जे नाव ओठांवर आणलं नाही ते बुरुलकानने तिथे पहिल्यांदा लिहिलं, आणि त्याच्याखाली लिहिलं की या घरात रस्सा विकला. पहिला कागद खोडाखोडीनेच भरला, म्हणून बाईने दुसरा दिला.

आठव्या दिवशी पट्टी निघाली. पण निकालाची एक प्रत गावच्या फळ्यावर लागते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या गावाने वाचलं. म्हाताऱ्यानेही चष्मा लावून, शब्दावर बोट ठेवून वाचलं.

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या सकाळी त्याने खोलीतला आपला नमदा गुंडाळला आणि बाहेर रस्त्याच्या कडेला, ट्रक थांबतात त्या दगडापाशी नेऊन टाकला. दिवसभर तिथेच बसला. आणि संध्याकाळी घरात जेवून उठताना त्याने खिशातून एक नोट काढली, ताटाशेजारी ठेवली आणि निजायला गेला.

बुरुलकान त्या नोटेकडे बघतच राहिली. वाटलं, विसरून राहिली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिने नोट त्याच्या उशाशी परत ठेवली, तर सकाळी ती नानच्या टोपलीत सापडली. मेंढ्या विकल्याचे त्याचे असे थोडेसेच पैसे होते, कफनासाठी राखून ठेवलेले. तिला कळलं, किंवा वाटलं तरी की कळलं: या दारात विकतात असं तू लिहून दिलंस ना, मग मीही विकत घेतो. तिच्या मनात आलं, चौदा वर्षं याचं उष्टं काढलं, याच्या मुलामागे याला टाकून गेले नाही, आणि हा मला नोटेने चापट मारतोय. ती नोटा मुकाट्याने डब्यात टाकू लागली. तिचंही बोलणं कमी झालं. ताट ठेवायची ते आदळून नाही, पण ठेवायची आणि वळायची.

खानावळ मात्र बरी चालली. तिने खानावळीच्या पाटीवर नानची किंमत लिहिली नव्हती, तशी तिची हिंमत नव्हती. पण का कोण जाणे, ट्रकवाले आपणहून नानचे पैसे ठेवू लागले. "घ्या एजे, घ्या," म्हणायचे. तिला वाटायचं, गावच्या फळ्यावरचा निकाल वाचून सगळ्यांना समजलंय की ह्या घराची अब्रू गेली. ती पैसे घ्यायची आणि पावती द्यायची.

डिसेंबरात थंडी पडली तरी म्हातारा दगड सोडेना. "आजोबांना आत बोलाव," ती नुरजानला पाठवी. नुरजान परत येऊन सांगे, "म्हणतात, काम आहे." काम कसलं डोंबलाचं! बर्फात बसून सगळ्या रस्त्याला दाखवायचं की सुनेने घरातून काढलंय. एक दिवस असा आला की बुरुलकानचा तोल सुटला. सकाळी कर भरायला गेली होती, दुपारपर्यंत वीज नव्हती, पीठ महागलं होतं. संध्याकाळी म्हाताऱ्याने ताटाशेजारी नोट ठेवली. ती ताडकन उठली, यंत्राकडे गेली, बटणं दाबली. यंत्राने कुरकुर करत कागद बाहेर काढला. एक नान, एक रस्सा, एक चहा. ती पावती तिने म्हाताऱ्यापुढे ठेवली. तोंडाकडे न बघता.

म्हाताऱ्याने पावती उचलली. उजेडाकडे धरली. "हं," तो म्हणाला, "हे बरं झालं."

बुरुलकान पाठ फिरवून भांडी घासत बसली. नुरजान कोपऱ्यात रडत होती.

जानेवारीच्या शेवटी म्हाताऱ्याच्या छातीत कफ झाला. नऊ दिवस अंथरुणाला होता. बुरुलकानने सगळं केलं, शेक दिला, रात्रीचा दिवस केला, डॉक्टर आणला. पण आतली गाठ काही सुटली नाही. बोलावं असं वाटे, आणि कुठून सुरू करावं ते कळत नसे. सून-सासऱ्याने मनातलं बोलायची रीत आधीच नाही. दहाव्या सकाळी तो गेला.

अंगणात तंबू उभा राहिला. रिवाजाप्रमाणे घोडा कापला. खोऱ्यातून माणसं आली, आणि कधी नव्हे ते ट्रकही आले, दहा-बारा, रस्त्याच्या कडेला ओळीने उभे. दोन दिवस बुरुलकान कढईपाशी होती. तिसऱ्या दिवशी, माती दिल्यावर, कासिमाली तिच्याजवळ येऊन बसला. त्याच्या तोंडचा तिखटपणा कुठे गेला होता.

"पोरी, एक विचारू? त्याने तुला कधी सांगितलं का?"

"काय सांगणार? माझ्याशी बोलत होते का ते?"

"वाटलंच मला." कासिमालीने दाढीवर हात फिरवला. "फळ्यावर निकाल लागला ना, त्या दिवशी माझ्याकडे आला. म्हणाला, कासिमाली, माझ्या फुकट नानपायी माझ्या सुनेला खोटं लिहावं लागलं. पाहुण्याला जेवू घातल्याचं पुण्य मी घेतलं आणि पीठ तिने आणलं. मी म्हटलं, जाऊन तिला सांग. तर म्हणतो, सुनेची माफी कशी मागतात ते मला कुणी शिकवलंय? मी पैसे देईन, म्हणजे तिला कळेल. मग तो दगडावर जाऊन बसायला लागला. प्रत्येक ट्रक थांबवायचा. आत जाशील तर नानचे पैसे दे, नाही तर इथूनच पुढे जा, म्हणायचा. भांडायचा लेकाचा त्यांच्याशी! मी म्हटलं, अरे आत बस, मरशील. म्हणाला, मी आत बसलो तर ते पुन्हा लाजेने फुकट खातील, आणि ती पुन्हा लाजेने देईल."

बुरुलकानच्या हातातला डाव कढईत पडला. कुणीतरी तो काढायला वाकलं.

"आणि ती पावती," कासिमाली म्हणाला, "कसली खूश होती स्वारी! गावभर दाखवत हिंडला. म्हणायचा, बघा, सुनेने माझे पैसे घेतले. तिचा राग गेला."

बुरुलकानने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. तिला म्हाताऱ्याचा चेहरा आठवायचा होता, त्या संध्याकाळचा, पावती उजेडाकडे धरतानाचा. तो आठवणं शक्य नव्हतं. तिने त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.